सागरी मत्स्यपेटी : आधी मिठाचा हिशेब, मग मासा

मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या जुन्या वस्त्यांत घरी काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस नवी नाही. गोड्या पाण्यातील रंगीत मासे या भागातील अनेक घरांत पूर्वीपासून आढळतात. अलीकडे मात्र खाऱ्या पाण्यातील, प्रवाळांच्या आश्रयाने राहणारे मासे पाळण्याकडे तरुण मंडळींचा ओढा वाढू लागला आहे. महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरातील दुकानांत असे मासे विकत मिळतात. हौस चांगली आहे. परंतु नवख्या माणसाच्या पेटीतील मासे बहुधा फार दिवस जगत नाहीत. याची कारणे अनेक असली, तरी पाण्याची क्षारता सांभाळता न येणे हे त्यांतील एक प्रमुख आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण होय.

शेतकऱ्यांच्या पत्रिकेत या शहरी छंदाचा विचार कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्याला दोन उत्तरे आहेत. महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे. तेव्हा मासा हेही आता शेतीचेच पीक मानले पाहिजे. दुसरे असे की, शोभेच्या सागरी माशांची पैदास बंदिस्त जागेत करण्याचे तंत्र आपल्या देशात आता सिद्ध झाले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन म्हणजे विदूषक माशांच्या पैदाशीवर पुष्कळ काम केले असून, ठाणे खाडीकाठी ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही असे मासे वाढविण्यात आले आहेत. किनाऱ्यावरील खेड्यांतील बचत गटांना व मच्छीमार कुटुंबांना यातून पूरक उत्पन्न मिळू शकते. परंतु शहरातील गिऱ्हाइकाचा मासा पंधरा दिवसांत मेला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. शहरातील नवख्याचे अज्ञान हे अशा प्रकारे खेड्यातील उत्पादकाचे नुकसान ठरते.

क्षारता म्हणजे काय?

खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. हे प्रमाण दर हजारी 35 असे लिहितात. अरबी समुद्रात बाष्पीभवन अधिक व नद्यांचे पाणी तुलनेने कमी, म्हणून त्याचे पाणी बंगालच्या उपसागराहून अधिक खारे आहे. प्रवाळांच्या परिसरातील प्राणी या स्थिर पाण्यालाच सरावलेले असतात.

आपल्या खाड्यांतील जिताडा, बोय किंवा चिंबोरी यांची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते, उन्हाळ्यात ते पुन्हा खारट होते, आणि हे प्राणी दोन्ही सोसतात. रायगड जिल्ह्यात जिताडा गोड्या पाण्याच्या तळ्यातही वाढवितात, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्यावरून सगळेच मासे असे सोशिक असतात, असा समज करून घेणे मात्र धोक्याचे आहे.

समुद्रातील हाडांच्या माशाचे रक्त समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश इतकेच खारट असते. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या कामी त्याची बरीच शक्ती खर्च होते. पेटीतील क्षारता वाढली की हा भार वाढतो; ती एकाएकी उतरली की शरीरातील यंत्रणेला तितक्या लवकर पालटता येत नाही. तारामासा, प्रवाळ यांसारख्या पृष्ठवंशहीन प्राण्यांच्या शरीरातील द्रव तर बाहेरच्या पाण्याइतकाच खारा असतो, म्हणून त्यांना क्षारतेतील अचानक बदल माशांहूनही अधिक बाधतो.

खारवट जमिनीतील पिकाचे दुःख याच जातीचे आहे. शेतात ओल असूनही रोप सुकते, कारण मातीतील क्षार पाणी धरून ठेवतात आणि मुळांना ते ओढून घेता येत नाही. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन खारवट समजतात. याच मापाने समुद्राचे पाणी 25 अंश सेल्सिअसला सुमारे 53 भरते. माप एकच आहे, फक्त प्रमाणाचा फरक आहे.

पाणी उडते, मीठ राहते

नवख्याची सर्वांत मोठी चूक पेटीत भर घालताना होते. पेटीतील पाणी दिवसागणिक थोडे थोडे उडून जाते. पातळी उतरलेली दिसली की तो मनाशी म्हणतो, पेटी खाऱ्या पाण्याची, तेव्हा भरही खाऱ्या पाण्याचीच घालावी. हे दिसायला सरळ वाटते, पण ते साफ चुकीचे आहे. बाष्प होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ सगळे मागेच राहते.

हिशेबाच्या सोयीसाठी पेटी 100 लिटरची आणि क्षार लिटरला 35 ग्रॅम धरू. एकूण क्षार 3,500 ग्रॅम झाले. पाच लिटर पाणी उडाले तर तेवढेच क्षार 95 लिटरमध्ये राहतील आणि क्षारता सुमारे 36.8 होईल. आता समजा, रोज एक लिटर पाणी उडते आणि त्या जागी रोज एक लिटर खारे पाणी घातले जाते. दर दिवशी 35 ग्रॅम क्षारांची भर पडेल. महिनाभरात 1,050 ग्रॅम क्षार वाढतील आणि क्षारता 45.5 वर जाईल. पेटी काठोकाठ भरलेली, पाणी स्वच्छ, आणि मासे मात्र तडफडताहेत, असे दृश्य दिसू लागते. पेटीवाल्याला कारण कळत नाही आणि तो औषधाच्या शोधात निघतो.

कृष्णा व नीरा खोऱ्यांतील ऊसवाल्या शेतकऱ्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. निचरा नसलेल्या जमिनीला वर्षानुवर्षे पाणी देत राहिले, पाणी उडत राहिले, क्षार साठत राहिले, आणि शिरोळसारख्या तालुक्यांत पांढरा थर चढलेल्या जमिनी दिसू लागल्या. चार एकरांच्या शेतात जे अनेक वर्षांत घडते, ते चार फुटांच्या काचपेटीत एका महिन्यात घडते.

म्हणून नियम एवढाच : उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालावी. काचेवर बाहेरून पातळीची खूण करावी आणि रोज ठरावीक वेळी त्या खुणेपर्यंत गोडे पाणी घालावे. आठवड्यातून एकदा चार-पाच लिटर घालण्यापेक्षा रोज थोडे घालणे हितकर, कारण त्यायोगे क्षारता वरखाली होत नाही. झाकणाच्या कडेला जमलेला पांढरा क्षार हाही पेटीतूनच गेलेला असतो, हे लक्षात ठेवावे.

मुंबईच्या हवेचाही विचार केला पाहिजे. पावसाळ्यात हवा दमट असते व पाणी कमी उडते. आश्विनातील उन्हात आणि हिवाळ्यातील कोरड्या वाऱ्यात ते अधिक उडते. उन्हाळ्यात पाणी थंड राखण्यासाठी पेटीवर पंखा लावला किंवा खोलीत वातानुकूलन यंत्र चालविले, तर भर घालण्याचे प्रमाण आणखी वाढते. जुलैचे माप मे महिन्यात चालणार नाही.

पाणी कोणते घ्यावे?

गिरगाव किंवा दादरची चौपाटी दोन पावलांवर असताना मीठ विकत का घ्यावे, असे पुष्कळांना वाटते. ही काटकसर महागात पडते. शहराच्या किनाऱ्यालगत सांडपाणी मिसळलेले असते. मिठी नदी माहीमच्या खाडीत येऊन मिळते, आणि पावसाळ्यात नाले व पर्जन्यवाहिन्या समुद्रात ओतू लागल्या की किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारताही खूप उतरते. असे पाणी पेटीत घालणे म्हणजे रोगट शेतातील बियाणे आणून पेरण्यासारखे आहे.

घरातील स्वयंपाकाचे किंवा मिठागरातील मीठ गोड्या पाण्यात विरघळवून समुद्र तयार होईल, ही समजूतही सोडून दिली पाहिजे. समुद्राच्या पाण्यात सोडियम व क्लोराईड यांखेरीज सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी घटक असतात. ब्रिटनच्या चॅलेंजर जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरातून जमविलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचे रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी पृथक्करण केले. खुल्या समुद्राचे पाणी कुठलेही असो, त्यातील मुख्य घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ एकच असते, असे त्यांनी 1884 मध्ये दाखवून दिले. मिठागरात हे प्रमाण मोडते. पाणी आटत असता आधी जिप्सम खाली बसते, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियमयुक्त कडवट पाणी शेवटी बाहेर काढून टाकतात. उरण, पेण, भाईंदर येथील आगरी बंधू हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. म्हणजे मिठागरातून हाती येतो तो समुद्राचा एक भाग, संपूर्ण समुद्र नव्हे. मत्स्यपेटीसाठी सर्व घटक योग्य प्रमाणात असलेले तयार सागरी क्षारमिश्रणच वापरावे. या मिश्रणात ओलावाही असतो. म्हणून लिटरला किती ग्रॅम घालावे हे पिशवीवरील सूचनेवरून ठरवावे आणि शेवटचा निर्णय उपकरणाच्या मापाने करावा.

मिश्रणासाठी व रोजच्या भरीसाठी गोडे पाणीही पारखून घ्यावे. महापालिकेच्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा आदी जलाशयांचे शुद्ध केलेले पाणी येते, परंतु त्यात क्लोरीन असते. ते उघड्या भांड्यात हवेच्या नळीने एक दिवस खेळवून, क्लोरीन निघून गेल्याची खात्री करून वापरावे. विहिरीचे, कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरू नये. त्यात क्षार असण्याचा संभव असतो, आणि रोज भर घालताना ते हळूहळू साठत जातात. शक्य असेल तर आरओ यंत्राचे पाणी सर्वांत चांगले.

मीठ नेहमी वेगळ्या बादलीत किंवा पिंपात विरघळवावे. आधी पाणी घ्यावे, मग ढवळत ढवळत मिश्रण घालावे, एक दिवस हवा खेळवावी, तापमान पेटीएवढे झाल्यावर क्षारता मोजावी आणि मगच ते वापरावे. मासे असलेल्या पेटीत कोरडे मीठ टाकणे हा अपराधच मानावा.

मापाची साधने

जिभेने चाखून क्षारता ठरत नाही. तीन साधने उपलब्ध आहेत.

1. हायड्रोमीटर : दूध डेअरीतील लॅक्टोमीटरच्याच तत्त्वावर हे साधन चालते. ते स्वस्त आहे. दर हजारी 35 क्षारतेच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व 25 अंशांना सुमारे 1.026 भरते. पाणी साधनावर लिहिलेल्या तापमानाहून उष्ण असेल तर माप कमी दिसते, आणि हवेचे बुडबुडे चिकटले तर ते चुकीचे दिसते. दर वेळी साधन गोड्या पाण्याने धुऊन ठेवावे.

2. रिफ्रॅक्टोमीटर : ऊस व द्राक्षे पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे हे साधन. मात्र साखर मोजणारे साधन क्षारतेसाठी चालत नाही. समुद्राच्या पाण्यासाठी आखलेलेच घ्यावे. त्याची तपासणी केवळ शुद्ध पाण्यावर करून थांबू नये, दर हजारी 35 च्या प्रमाणित द्रावणावर करावी.

3. विद्युतवाहकता मापक : मृद् परीक्षण प्रयोगशाळेत असते तेच तत्त्व. माप अचूक मिळते, परंतु प्रमाणित द्रावणाने वेळोवेळी तपासणी आवश्यक असते.

पेटीतील क्षारता 34 ते 36 यांच्या दरम्यान राखावी. या मर्यादेत नेमका आकडा कोणता, यापेक्षा तो स्थिर आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे. आठवड्यातून दोनदा माप घेऊन वहीत तारखेसह लिहून ठेवावे.

बिघडल्यास दुरुस्ती

क्षारता बिघडली तर घाई करू नये. दिवसाला दर हजारी एकाहून अधिक फरक पडू देऊ नये. 100 लिटरच्या पेटीत क्षारता 38 झाली असेल, तर रोज अडीच लिटर पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घालावे. तीन दिवसांत ती सुमारे 35.2 वर येते. उलट ती 31 वर उतरली असेल, तर काही दिवस उडालेल्या पाण्याची भर गोड्याऐवजी 35 क्षारतेच्या पाण्याने घालावी. रोज एक लिटर पाणी उडत असेल तर अकरा-बारा दिवसांत ती पूर्ववत होते. वर जी चूक म्हणून सांगितली, तीच कृती येथे मोजून-मापून केली असता उपाय ठरते. क्षारता पूर्ववत होताच ही भर थांबवून पुन्हा गोड्या पाण्याकडे वळावे.

पेटी फार लहान घेऊ नये. थोड्या पाण्यात बदल झपाट्याने होतात. नवख्याने निदान 100 लिटरची पेटी घ्यावी. परंतु लालबाग-गिरगावच्या जुन्या चाळींतील लाकडी तक्तपोशीचा विचार आधी करावा. 100 लिटर खारे पाणीच 102 किलोंहून अधिक भरते. काच, दगड, वाळू व घोडा यांचे वजन वेगळे. जाणकाराचा सल्ला घेतल्याखेरीज असा भार खोलीच्या मध्यभागी ठेवू नये.

प्रवाळ घरी आणू नये

पेटी प्रवाळांची करावी असे अनेकांना वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली 2001 मध्ये खडक रचणाऱ्या प्रवाळांना सर्वोच्च संरक्षण मिळाले आहे. समुद्रातून ते काढणे व विकणे हा गुन्हा आहे. समुद्रघोड्यांनाही असेच संरक्षण आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या काही वसाहती 2020 मध्ये कुलाब्याच्या बाजूस हलविण्यात आल्या. जे वाचविण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, ते हौसेखातर तोडून आणणे उचित नव्हे. नवख्याने कृत्रिम खडक रचावेत आणि बंदिस्त पैदाशीचा विदूषक मासा पाळावा. पेटीत जगण्यासाठी त्याला समुद्रफुलाची सोबत असलीच पाहिजे असे नाही.

काय व्हावे?

येथपर्यंत पेटीवाल्याच्या कर्तव्याचा विचार झाला. परंतु सगळा दोष त्याच्याच माथी मारणे न्याय्य नाही. मासा विकणाऱ्या अनेकांच्या टाक्यांत परजीवी आटोक्यात ठेवण्यासाठी व मिठाची बचत करण्यासाठी क्षारता कमी राखलेली असते. 28 क्षारतेच्या पाण्यातील मासा घरी नेऊन 35 च्या पेटीत एकदम सोडला, तर तो दगावल्यास नवल नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, प्रत्येक सागरी माशाबरोबर विक्रेत्याने त्या पाण्याची क्षारता व तापमान लिहिलेली चिठ्ठी द्यावी. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते; माशाच्या पिशवीवर क्षारता का असू नये? खेड्यातील उत्पादक गटांनी ही प्रथा स्वतःहून सुरू केली, तर त्यांच्या मालाला बाजारात विश्वास मिळेल.

दुसरी सूचना शासनाला आहे. गिरगावजवळ मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातील मासा जिवंत पाहिला तो तेथेच. 2015 मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा खुले झाले आणि 2020 मध्ये महासाथीच्या काळात प्रेक्षकांसाठी बंद झाले. मुंबईत शासनाचे जे मत्स्यालय पुढे उभे राहील, त्यात पाहण्याच्या दालनांबरोबर पाणी तपासण्याची एक खिडकी असावी. शेतकरी जसा मातीचा नमुना घेऊन मृद् परीक्षण प्रयोगशाळेत जातो, तसे परळच्या विद्यार्थ्याने किंवा दादरच्या गृहिणीने बाटलीभर पाणी घेऊन तेथे जावे आणि क्षारता लिहिलेली पत्रिका घेऊन परतावे. यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. काहींच्या मते हा श्रीमंतांचा छंद असून त्यावर सार्वजनिक पैसा खर्च करणे गैर आहे. परंतु साधन घेण्याची ऐपत श्रीमंताला असतेच. खिडकीची गरज आहे ती ज्याला ती ऐपत नाही त्यालाच. शिवाय यातील प्रत्येक मासा कोणाच्या तरी कष्टाचे फळ किंवा समुद्रातून उचललेला जीव असतो, आणि तो वाया जाणे हीसुद्धा नासाडीच.

किनाऱ्यावरील ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील संगोपन गटांना तीन गोष्टी अवश्य सांगाव्यात. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते. म्हणून चांगल्या क्षारतेचे पाणी उन्हाळ्यातच गाळून, झाकलेल्या टाक्यांत साठवावे. टाक्यांतील उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालावी. क्षारतेची नोंदवही ठेवावी आणि मासे बाजारात पाठविताना त्यातील शेवटचा आकडा पिशवीवर लिहावा.

मासा पाळू इच्छिणाऱ्या नागरिकानेही हाच क्रम ठेवावा. पहिल्या दिवशी मापक व वही आणावी, दुसऱ्या दिवशी मीठ. त्यानंतर निदान महिनाभर पेटी माशाविना चालवून क्षारता 34 ते 36 च्या आत टिकते की नाही ते पाहावे. ती टिकली आणि पाणी इतर बाबतींतही तयार झाले, म्हणजे मासा आणण्यास हरकत नाही. ज्याला हा महिना काढवत नाही, त्याने मासा आणू नये हेच बरे.